झिजेचं गणित

दामोदर धर्मानंद कोसंबींना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. पेशाने ते गणिती होते. १९२९ साली हार्वर्डची पदवी, मग बनारस, अलीगढ, १९३३ च्या सुमारास पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्था. या साऱ्या वाटचालीत मला सगळ्यात लोभस वाटतं ते १९४० नंतर त्यांनी आहत नाण्यांवर केलेलं काम. संभाव्यताशास्त्र इतकं हातात धरता येण्याजोगं फार थोड्या ठिकाणी झालं आहे.

चांदीच्या या नाण्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही. नुसती ठोकलेली चिन्हं. विद्वान चिन्हांचे अर्थ लावत बसले होते. कोसंबींनी तराजू काढला. नाणं हातोहात फिरतं, दर व्यवहारात कणभर झिजतं. एका वेळची झीज किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण अशा असंख्य बारीक, अनिश्चित झिजांची बेरीज नियमाने वागते. प्रश्नाची ही मांडणीच किती देखणी आहे!

आता खरी नजाकत पाहा. फक्त सरासरी वजन घटतं एवढ्यावर ते थांबत नाहीत. काळ जाईल तसा वजनांचं विखुरलेपणही वाढलं पाहिजे, कारण एकाच दिवशी पाडलेल्या नाण्यांतलं एखादं बाजारात सतत फिरतं, तर दुसरं वर्षानुवर्षं गाठोड्यात पडून राहतं. म्हणून एकट्या नाण्याच्या वजनावरून काळ ठरवायला ते साफ नकार देतात. मुळात टांकसाळीतून निघतानाच वजनं थोडी कमीजास्त असतात. बोलू शकतो तो समूह. या नकारात मला गणित्याची खरी शिस्त दिसते.

पुरावा तक्षशिलेचा. भीड टेकडीवर १९२४ साली हजाराहून अधिक नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यात अलेक्झांडरची व त्याच्या पाठोपाठ गादीवर आलेल्या फिलिप अरिडियसची नाणीही होती. त्यामुळे साठा पुरला गेला तो काळ इसवी सनापूर्वी ३१७ च्या आसपासचा ठरतो. कोसंबींनी नाण्यांच्या मागच्या बाजूची बारीक चिन्हं मोजली. जितकी चिन्हं जास्त, तितकं सरासरी वजन कमी, आणि ही घट जवळजवळ सरळ रेषेत! म्हणजे ती चिन्हं ठरावीक काळाने नाणी पारखणाऱ्यांनी उमटवलेली असणार. इतरांनी किरकोळ मानलेली खूण एकदम घड्याळाचा काटा झाली. मग पुढच्या बाजूच्या चिन्हांनुसार गट पाडायचे आणि सरासरी वजनावरून त्यांचा क्रम लावायचा.

तरी त्यांचं समाधान होत नाही. पद्धत पारखायला ते स्वतःच्या काळातली चालू नाणी हजारोंनी तोलतात. त्यांच्यावर साल छापलेलं, त्यामुळे उत्तर आधीच ठाऊक. झिजेचा नियम तिथे टिकला तरच दोन हजार वर्षांमागे जायचं. इतका प्रामाणिकपणा मुद्दाम शिकवावा लागतो, कोसंबींकडे तो अंगचाच होता.

त्याच वर्षांत, १९४३ साली, यादृच्छिक फलांच्या विस्ताराचा त्यांचा शोधनिबंध आला. पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावांनी गाजलेला सिद्धांत त्यात आहे. १९४४ साली गुणसूत्रांवरची जनुकांची अंतरं काढण्याचं सूत्र आलं. ते आजही कोसंबींच्याच नावाने वापरतात. पण रसिकाने सुरुवात नाण्यांपासूनच करावी. फेब्रुवारी १९६६ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी ही सारी पद्धत सामान्य वाचकासाठी लिहिली आहे. तो लेख मिळवून वाचाच.