पुनर्विकासाच्या हिशेबाबाहेरची घरे : मुंबईतील स्वस्त निवाऱ्याच्या भरपाईची चिकित्सा

प्रास्ताविक

मुंबईतील चाळी आणि त्यांचा पुनर्विकास यांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात दोन सूर प्रामुख्याने ऐकू येतात. एक सूर स्मरणाचा आहे. गॅलरीतला शेजार, सार्वजनिक नळावरची भांडणे, गणेशोत्सवाचा मांडव या आठवणी त्यात येतात आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने (१९५८) त्यांना कायमचा विनोदी-करुण रंग दिला आहे. दुसरा सूर चौरस फुटांचा आहे : १८० की २२५, ३०० की ५००. पहिला हळवा आणि दुसरा व्यवहारी असला तरी दोहोंचे गृहीतक एकच आहे. घराचा प्रश्न म्हणजे त्या घरात आज राहणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न, असे दोघेही मानतात.

या गृहीतकाची चिकित्सा होणे आवश्यक आहे. चाळ पाडली जाते तेव्हा एका कुटुंबाचे छप्पर जाते आणि त्याच वेळी शहराच्या साठ्यातून कमी भाड्याची एक जागाही वजा होते. कुटुंबाला नवी सदनिका मिळाली की पहिल्या नुकसानीची भरपाई झाली असे म्हणता येते. दुसऱ्या नुकसानीची भरपाई मात्र होत नाही, कारण तिची मोजदादच कोठे केलेली नसते. ‘पुनर्वसन’ आणि ‘पुनर्विकास’ या दोन शब्दांनी शासकीय मराठी व्यापून टाकली आहे. पहिला शब्द माणसाविषयी आहे, दुसरा जमिनीविषयी. स्वस्त घर गेले तर त्याच्या जागी स्वस्त घरच उभे राहिले पाहिजे, हा अर्थ सांगणारा शब्द या परिभाषेत रुळलेला नाही.

भाडेकरूचा मालक होतो तेव्हा

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले आणि भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले. पण दुरुस्तीचा खर्चही भाड्यातून निघेनासा झाल्यावर मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. त्यातून १९६९ चा दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आला. इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्ती करावयाची, अशी ही योजना होती. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. पुढे हे मंडळ म्हाडात विलीन झाले. उपकराच्या उत्पन्नातून एवढा जुना साठा राखणे शक्य नाही हे लवकरच स्पष्ट झाले आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या नियमाने दुरुस्तीकडून पुनर्बांधणीकडे वळण घेतले.

या नियमाची रचना साधी आहे. विकासकाने जुन्या भाडेकरूंना त्याच भूखंडावर विनामूल्य सदनिका द्यावयाच्या आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या वाढीव चटई क्षेत्रावर विक्रीची घरे बांधावयाची. शासनाच्या तिजोरीतून काही जात नाही, भाडेकरूला काही मोजावे लागत नाही, विकासकाला नफा होतो. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले तेव्हा हेच सूत्र अधिक मोठ्या प्रमाणावर अवलंबिले गेले आणि ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली. ‘मोफत’ हा शब्द येथे फसवा आहे. या घरांची किंमत विक्रीची सदनिका घेणारा भरतो, आणि अरुंद गल्लीत टॉवर उभे राहिल्यावर पाणी, मलनिःसारण व रस्ता यांवर येणारा भार सोसून शहरही भरते. शिवाय हे सूत्र जमिनीच्या भावावर चालत असल्यामुळे जेथे विक्रीच्या घरांना दर मिळतो तेथेच ते धावते. मोडकळीस आलेल्या इमारतीची निकड आणि विकासकाची उत्सुकता यांचा मेळ बसेलच असे नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजार परिसरातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा मृत्यू झाला. ही इमारत समूह पुनर्विकास प्रकल्पाच्या क्षेत्रातच होती.

म्हणून चाळी होत्या तशाच राहाव्यात असा युक्तिवाद टिकणारा नाही. मजल्यावर सामाईक शौचालये, पावसाळ्यात टेकू दिलेले जिने आणि एका खोलीत तीन पिढ्या हे वास्तव आहे. त्यात राहिलेल्या माणसाला स्वतंत्र संडासाचे मोल पटवून द्यावे लागत नाही. प्रश्न जुन्या भाडेकरूला नवे घर मिळावे की नाही हा नाही, तर ते देताना भाडेकरूचा मालक केला जातो आणि भाड्याचे घर नाहीसे होते, याचा आहे. पागडीची खोली कायद्याने भाड्याचीच होती. नवी सदनिका मालकीची असते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मुळात दहा वर्षे विक्रीबंदीची अट होती, म्हणजे अकराव्या वर्षी ते घर बाजारात येऊ शकते ही गोष्ट योजनेनेच मान्य केली होती. उद्वाहन, पंप, सुरक्षारक्षक यांचा मासिक खर्च जुन्या भाड्याच्या अनेक पट झाला की ती विक्री पुष्कळदा नाइलाजाने होते. विकणाऱ्याला पैसे मिळतात, त्याविषयी तक्रार करण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु पुढच्या कमी उत्पन्नाच्या माणसासाठी त्या पत्त्यावर काहीही उरलेले नसते.

बिछान्याची जागा

भरपाईचा हिशेब आणखी एका ठिकाणी चुकतो, आणि तो अधिक मूलभूत आहे. नियमावली ‘गाळा’ हे एकक धरते : एक भाडेपावती, एक गाळा, एक सदनिका. ३३(७) खाली पात्रतेसाठी १३ जून १९९६ ही तारीख धरण्यात आली आणि त्यानंतर निर्माण झालेली भाडेदारी हिशेबात घेतली गेली नाही. मुंबईतील श्रमिकांचा निवारा मात्र गाळ्याच्या मापाने कधीच चालला नव्हता. त्याचे एकक बिछान्याची जागा हे होते.

गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटा येई. गावच्या मंडळाने घेतलेल्या खोलीत तो राही. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकजण कामावर गेला की त्याच जागेत दुसरा झोपे. पावसाळा सोडला तर गॅलरी आणि पदपथ हेही झोपण्याच्या जागेत मोडत. जेवणासाठी खानावळ असे. ती चालवणाऱ्या बायका बहुधा कामगारांच्याच घरच्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते याच खानावळवाल्यांना संघटित करून. धोबीतलाव आणि माझगाव भागांत गोव्याच्या गावागावांचे कूड होते आणि त्यांपैकी काही अद्याप आहेत. जहाजावर नोकरी धरणारा किंवा शिक्षणासाठी आलेला गोमंतकीय गावच्या कुडात पेटी ठेवून, अल्प वर्गणीत राही. गावमंडळाची खोली असो वा कूड, तेथे भाडेपावती एकाच्या किंवा संस्थेच्या नावे आणि डोकी वीस-तीस, अशी व्यवस्था होती.

पुनर्विकासात या खोलीची सदनिका एकच होते. कागदावर एकास एक भरपाई पूर्ण झाली, असे दिसते. प्रत्यक्षात अनेकांचा निवारा संपलेला असतो आणि त्यांतील एकाचेही नाव विस्थापितांच्या यादीत नसते, कारण ते पोटभाडेकरूही नव्हते. खानावळवालीचे चुलीपुढचे उत्पन्नही त्याच खोलीबरोबर जाते. ज्यांना संक्रमण शिबिरात पाठविले, पण भूखंड अरुंद किंवा आरक्षित असल्यामुळे परत आणता आले नाही, त्यांच्यासाठी मंडळाची बृहतसूची तरी आहे. बिछान्यावर राहणाऱ्यासाठी सूचीच नाही.

मराठी साहित्यानेही याबाबत शासनापेक्षा वेगळी नजर दाखविली असे म्हणता येत नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात संपानंतर कोलमडलेले धुरी कुटुंब आणि त्यांची चाळीतली खोली आहे. नाटकाची ताकद निर्विवाद आहे. त्यात नोकरी जाते, मुले वाहवत जातात, पण खोली राहते. कोसळणाऱ्या जगात तीच एक स्थिर गोष्ट आहे. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत गिरणगावात नेमकी हीच स्थिरता विक्रीला निघाली. तरीही ज्याच्या नावावर खोली नाही अशा माणसाची कथा चाळीच्या साहित्यात कडेलाच राहिली.

गिरण्यांची जमीन आणि कामगारांची सोडत

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्यानंतर मागे राहिली ती मुंबई बेटाच्या मध्यावरची सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या नियमावलीतील नियम ५८ ने या जमिनीची त्रिभागणी सांगितली : एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. गेलेल्या स्वस्त निवाऱ्याची भरपाई त्याच परिसरात करण्याची इतकी स्पष्ट संधी मुंबईला दुसऱ्यांदा मिळण्यासारखी नव्हती. २००१ च्या दुरुस्तीने ‘जमीन’ या शब्दाचा अर्थ बदलला. आता त्रिभागणी केवळ मोकळ्या जमिनीची होणार होती. ज्यावर शेड व इमारती उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून वगळली. गिरणी म्हणजे मुख्यतः शेडच असल्यामुळे वाटणीला उरले ते अंगण. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिकेवर निर्णय देताना ही दुरुस्ती मूळ उद्देशाला धरून वाचली आणि वाटा पुन्हा वाढविला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. त्याआधी २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या गिरण्यांच्या जमिनींची विक्री सुरू केली होती. दादरची कोहिनूर मिल क्रमांक ३ ही ४२१ कोटी रुपयांना गेली.

तरीही कामगार संघटनांच्या रेट्यामुळे म्हाडाच्या वाट्यावर घरे झाली. येथे पात्रतेचा आधार भाडेपावती नसून गिरणीचा हजेरीपट होता, आणि हा बदल मोलाचा होता. गावमंडळाच्या खोलीत झोपणाराही त्यामुळे प्रथमच हक्कदार ठरला. मात्र २०१२ च्या सोडतीत घरे ६,९२५ होती आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. २०२० च्या सोडतीत बॉम्बे डाइंग व श्रीनिवास गिरण्यांच्या जमिनीवरील ३,८९४ घरे आली. हक्काचे रूपांतर नशिबात झाले ते असे.

शहरात जमीन नाही म्हणून घरे बाहेर शोधण्यात आली, आणि तेथे एक विलक्षण गोष्ट घडली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ मध्ये भाडेतत्त्वावरील घरांची योजना आखली होती. १६० चौरस फुटांची, भाड्याने द्यावयाची ही लहान घरे म्हणजे सार्वजनिक मालकीचा भाड्याचा साठा पुन्हा उभा करण्याचा तुरळक प्रयत्न होता. पनवेलजवळील कोन येथील अशा घरांपैकी दोन-दोन जोडून ३२० चौरस फुटांची सदनिका करण्यात आली आणि २०१६ मध्ये ती सोडतीने गिरणी कामगारांना मालकी हक्काने विकण्यात आली. एका वर्गाची थकलेली भरपाई दुसऱ्या, अद्याप शहरात न आलेल्या वर्गाच्या घरांतून चुकती केली गेली. कामगारांना दोष देण्याचे कारण नाही. दोन्ही गरजा एकाच तुटपुंज्या साठ्यातून भागविण्याची वेळ येते, हे धोरणाचे अपयश आहे.

भाड्याचा साठा सार्वजनिक मालकीचा असतानाही काय होते, हे बी.डी.डी. चाळींत दिसते. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या विकास खात्याने ५०,००० खोल्यांचा संकल्प केला आणि सुमारे १६,००० बांधल्या. वरळी १२१, नायगाव ४२, ना. म. जोशी मार्ग ३२ व शिवडी १२ अशा एकूण २०७ चाळी. भाडे कामगाराला पेलवेना, त्यामुळे प्रारंभी त्यांतील कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तुरुंग झाला. पुढे त्याच १६० चौरस फुटांच्या खोल्या श्रमिकांचा, विशेषतः दलित वस्तीचा आधार बनल्या. २०१७ मध्ये सुरू झालेल्या पुनर्विकासात प्रत्येक पात्र भाडेकरूला ५०० चौरस फुटांची मालकीची सदनिका मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ सदनिकांच्या चाव्या दिल्या गेल्या. मुंबईतील पुनर्विकासांत हा निःसंशय उदार प्रकल्प आहे. शासनाच्या मालकीच्या भाड्याच्या खोल्या यातून संपतात, हेही तितकेच खरे. आणि विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या मनोऱ्यांत त्यांच्या बदल्यात भाड्याची घरे नाहीत.

अमेरिकेतील अनुभव येथे जसाच्या तसा लागू होत नाही, तरी उद्बोधक आहे. सार्वजनिक घर पाडल्यास त्या बदल्यात तितकेच परवडणारे घर दिलेच पाहिजे, अशी एकास एक अट तेथे १९८७ च्या कायद्याने घातली. १९९५ मध्ये ती तहकूब झाली आणि १९९८ मध्ये रद्द. कारण असे दिले गेले की अटीमुळे मोडकळीची घरे पाडताच येत नाहीत. अट गेल्यावर पाडापाडी वेगाने झाली आणि तितकी घरे परत आली नाहीत. तेथे मोजमापाचे एकक निदान घर हे होते; त्यामुळे किती गेली आणि किती आली हे विचारता तरी आले.

मुंबईत मोजमापाचे एकक पात्र व्यक्ती हे आहे. पात्रतेची तारीख पुढे सरकत गेली (झोपडपट्टीसाठी १ जानेवारी १९९५ वरून १ जानेवारी २०००, मग सशुल्क पुनर्वसनासाठी २०११) तरी एकक बदलले नाही. धारावीच्या चालू प्रकल्पात २०११ नंतरच्या रहिवाशांना धारावीबाहेर भाड्याची घरे देण्याची तरतूद आहे. भाडे हा विचार धोरणात परत आला, पण तो शहराच्या कडेला आणि अपात्रांसाठी. दरम्यान कर्जत मार्गावरील शेलू व वांगणी येथील घरे नाकारून गिरणी कामगार व त्यांचे वारस जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमले होते. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. त्याची मागणी मुंबईतल्या घराची आहे. वांगणीहून लालबागला यायचे तर लोकलने दीड तास लागतो.