चौदा नव्या टकरी, पण खऱ्या किती?

पावसाळ्यात राधानगरीला घरी गेले की रेंज जाते आणि डाउनलोड करून ठेवलेले पेपर नाइलाजाने नीट वाचून होतात. यंदा परत वाचला तो दिग्विजय वाडेकर आणि सहकाऱ्यांचा डिसेंबर २०२३चा पेपर. लायगो-व्हर्गोच्या तिसऱ्या सत्राच्या खुल्या डेटात त्यांना कृष्णविवरांच्या १४ नव्या टकरी दिसल्या. ग्रुप मीटिंगमध्ये मी हे उत्साहाने सांगितलं, तर एका सीनियरने विचारलं, "त्यातल्या खऱ्या किती?" मला सांगता आलं नाही. तुमचं तसं होऊ नये.

आधी मुद्दा बघा. लहर गोंगाटात बुडालेली असते, म्हणून गणिताने बनवलेले नमुने (टेम्प्लेट) डेटावर जुळवून बघतात. पुण्यात आयुकामध्ये सत्यप्रकाश आणि धुरंधर १९९१ सालीच या नमुन्यांच्या निवडीवर काम करत होते. तो पेपरही वाचा. बहुतेक शोधांत एकच सूर असतो, कक्षेच्या वारंवारतेच्या दुप्पट. दोन्ही विवरं सारखीच असतील तर तिप्पट वारंवारतेचा सूर सममितीमुळे उरतच नाही, त्यामुळे एका सुरावर भागतं. पण एक जड, एक हलकं आणि आपण कक्षेकडे कडेने बघतोय, असं असेल तर तिप्पट-चौपट सूरही मोठे होतात आणि जुनी जुळणी कमी भरते. म्हणून जुने शोध आंधळे होते असं मात्र नाही. GW१९०८१४ मध्ये सूर्याच्या २३ पट आणि २.६ पट अशी विषम जोडी होती. सिग्नल मोठा होता, सापडली. निसटतात त्या अंधुक.

वाडेकरांच्या गटाने प्रत्येक सूर वेगळा गाळून मग जोडला. मला सगळ्यात आवडलं ते हेच. सगळे सूर एकाच नमुन्यात कोंबले असते तर नमुने बेसुमार वाढले असते, आणि योगायोगाने जुळणारा गोंगाटही.

आता माझी अडचण. प्रत्येक टक्कर खरी असण्याची शक्यता त्यांनीच ०.५३ ते ०.८८ दिलीये. सगळ्यांना ०.८८ धरा, तरी सरासरी दीडहून जास्त 'टकरी' नुसता गोंगाट. सगळ्यांना ०.५३ धरा, तर सहाहून जास्त. उंबरठा ०.५ चा; इतर गटही तोच वापरतात. आमच्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी पातळीला आलं की उघडतात, तिथे पाणी आहे का हा वाद नसतो. इथे दार उघडल्यावरही तो उरतो.

दुसरं, पाच उमेदवारांत हलक्या विवराचं वस्तुमान जड विवराच्या निम्म्याहून कमी आहे. यावरून '१४ त ५ विषम' असं प्रमाण काढू नका. तो आकडा रुंद पट्ट्याचा मध्य आहे, आणि सिग्नल अंधुक असला की आधी धरलेल्या गृहीतकाचं वजन वाढतं. शिवाय हा शोध विषम जोड्यांना मुद्दाम जास्त संवेदनशील केलाय. डेटात कृत्रिम सिग्नल पेरून कुठल्या जातीचे किती हाती लागतात हे मोजल्याशिवाय प्रमाण निघत नाही.

आणि पाइपलाइनमध्ये बदल दोन झालेत: जास्तीचे सूर, आणि ग्लिचना कमी वजन. एखादा उमेदवार यातल्या कशामुळे वर आला? मी आता एकेकासाठी तेवढंच शोधत बसलेय.