मेणबत्ती, पेला आणि एक पंचमांश

मेणबत्तीच्या प्रयोगाइतका स्वस्त आणि सुटसुटीत प्रयोग शालेय विज्ञानात क्वचितच सापडेल. परातीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा पेला. ज्योत विझते, पेल्यात पाणी चढते. निष्कर्ष ठरलेला : मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो.

हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, हे खरे. पण या प्रयोगातून ते सिद्ध होत नाही. दोष प्रयोगाचा नाही, त्याला चिकटवलेल्या निष्कर्षाचा आहे.

प्रयोग नीट पाहिला तर तीन गोष्टी दिसतात. पेला उपडा घालताना अनेकदा कडेने बुडबुडे बाहेर पडतात. ज्योत जळत असताना पाणी फारसे चढत नाही. ती विझल्यावर झपाट्याने चढते. आणि त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी अधिक चढते. पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच होता!

आता हिशेब करू. ज्योत विझते तेव्हाही आत सुमारे १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. म्हणजे १०० मिलिलिटर हवेतला जेमतेम ५ मिलिलिटर खर्च झाला. शिवाय मेण जळताना ऑक्सिजनच्या दर ३ भागांमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २ भाग तयार होतात, आणि एवढ्या थोड्या वेळात तो पाण्यात फारसा विरघळत नाही. घट उरते २ मिलिलिटरच्या आसपास. बाकीचे पाणी चढते ते उष्णतेमुळे. तापून पसरलेली हवा थोडी बाहेर निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते, वाफेचे पाणी होते, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. पडताळा सोपा आहे : पेला गरम पाण्यात तापवून, रिकामा करून थंड पाण्यात उपडा घाला. काहीही न जळता पाणी चढेल.

चूक एका आकड्यापुरती असती तर गोष्ट वेगळी. पण 'पाणी ज्योत विझल्यावर चढले' असे जो विद्यार्थी प्रामाणिकपणे लिहील, त्याचे उत्तर पुस्तकाशी जुळणार नाही. डोळ्यांपेक्षा छापील ओळीवर विश्वास ठेवावा, हाच धडा तो शिकेल. प्रयोगातून याच्या नेमके उलट शिकायचे असते.

निष्कर्ष आधी न सांगता शिकवता येते का? मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने ते करून दाखवले. त्याच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत कृती आणि प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती. परीक्षेत पुस्तक उघडण्यास मुभा होती आणि प्रयोगही करावे लागत. २००२ साली शासनाने कार्यक्रम बंद केला. त्यातली दृष्टी मात्र कोणत्याही वर्गात वापरता येते.

म्हणून मेणबत्ती टाकून देऊ नये, प्रश्न बदलावा : पाणी केव्हा चढले? मेणबत्त्या वाढवल्या तर काय होईल? एक पंचमांश दाखवायचाच असेल, तर ओल्या परीक्षानळीच्या आत लोहकीस चिकटवून ती पाण्यात उपडी ठेवावी. गंज चढत जातो तसतसे पाणी वर येते आणि काही दिवसांनी सुमारे पाचव्या हिश्शावर थांबते. इथे ज्योत नाही, उष्णतेचा गोंधळ नाही. वेळ लागतो, एवढेच.