‘स्मृतिचित्रे’तील सेवाभाव

ख्रिस्ती सेवाजीवनाचे वर्णन चरित्रग्रंथांतून बहुधा सेवकाच्या बाजूने केलेले आढळते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात मात्र सेवेचा जमाखर्च घर चालविणाऱ्या स्त्रीने मांडला आहे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. हाती आलेले देऊन टाकावे, हा त्यांचा स्वभाव. त्या औदार्याला हिशेब नव्हता. तो ठेवावा लागे लक्ष्मीबाईंना. त्या चिडतात, भांडतात, आणि पुढे तेच हसत सांगतात.

या विनोदाने सेवेचे गांभीर्य उणावते, असा आक्षेप संभवतो. तो टिकणारा नाही. ग्रंथारंभीचे वडिलांच्या सोवळ्याचे चित्र केवळ गमतीचे म्हणून वाचले जाते, हा तर त्यावर अन्यायच होय. त्या सोवळ्यात वाढलेल्या स्त्रीने दुष्काळातील अनाथ मुलांना घरात घेणे म्हणजे काय, याचे माप तेथेच दिलेले आहे. शिवाय क्रमही लक्षणीय आहे. लक्ष्मीबाईंच्या मनातून जातिभेद आधी गेला. बाप्तिस्मा त्यांनी मागाहून, १९०० मध्ये घेतला.