ध्वनी, लेख आणि पाठ : आंतरजालीय संभाषणांच्या लिप्यंकनाची चिकित्सा

१

मौखिक सामग्री लेखनात उतरवून घेणे हे भाषाभ्यासातील पहिले कार्य होय. आणि पहिले असल्यामुळेच की काय, ते सर्वांत उपेक्षित राहिले आहे. संशोधकाचे लक्ष विश्लेषणाकडे लागलेले असते. सामग्री कागदावर कशी आली, हा प्रश्न त्याला पूर्वतयारीचा, किंबहुना काहीसा कारकुनी वाटतो. एलिनॉर ऑक्स यांनी १९७९ साली या समजुतीला हरकत घेतली आणि काय लिहावे व काय गाळावे हे ठरवतानाच संशोधकाचा सिद्धान्त सामग्रीत शिरलेला असतो, असे प्रतिपादन केले. त्या प्रतिपादनाची आठवण आज नव्याने होण्यास कारण घडले आहे.

२००३ साली सुरू झालेल्या स्काइपने आंतरजालावरून बोलणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणले. २०१८ साली त्या सेवेत संभाषण मुद्रित करण्याची सोय झाली. २०२० च्या टाळेबंदीत क्षेत्रकार्य बंद पडले, तेव्हा दूरस्थ मुलाखत हा अपवाद न राहता नियम बनला. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झाले. परंतु त्याने पाडलेली सवय अन्य सेवांच्या आश्रयाने टिकून आहे. दरम्यान २०२२ च्या सप्टेंबरात ‘व्हिस्पर’ ही वाक्‌-अभिज्ञान प्रणाली खुली झाली आणि मुद्रित बोलण्याचा लेख काही मिनिटांत हाती पडू लागला. बुलढाणा जिल्ह्यातील वृद्ध निवेदक आणि पुण्यातील विद्यार्थी यांच्यामध्ये आता एका कळीचेच अंतर आहे. खर्च वाचला, कष्ट वाचले. परदेशस्थ मराठी भाषकांपर्यंत पोचणेही सुकर झाले. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, अशा रीतीने हाती आलेला लेख हा कशाचा पुरावा मानावयाचा?

या प्रश्नाची चर्चा करताना दोन संज्ञा वेगळ्या ठेवणे इष्ट ठरेल. नियतकालिकांत मुलाखतीखाली ‘शब्दांकन’ असे छापलेले असते, तेव्हा शब्दांकनकाराने पुनरुक्ती गाळली असेल, वाक्ये सावरली असतील, हे वाचक गृहीत धरतो. वाचकाची सोय हेच शब्दांकनाचे प्रयोजन. याच्या उलट, जे उच्चारले गेले त्याची नोंद करणे हे ‘लिप्यंकना’चे प्रयोजन होय. यंत्राकडून मिळतो तो बहुधा शब्दांकनाच्या जातीचा लेख. मात्र तो लिप्यंकन म्हणून स्वीकारला जातो. सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

२

पहिला फेरफार लेखनापूर्वीच, ध्वनीच्या वहनात होतो. जुन्या दूरध्वनीची तार सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेत असे. ‘स’ या घर्षकाची बरीचशी शक्ती त्या पट्ट्याच्या वर असल्यामुळे तारेवरचा ‘स’ कधी ‘फ’सारखा ऐकू येई. आंतरजालीय संभाषणात ही मर्यादा उरली नाही, असे वरवर वाटते. २०१२ साली प्रमाणित झालेली ‘ओपस’ ही संकेतनपद्धती मानवी श्रवणाचा जवळजवळ संपूर्ण पट्टा वाहून नेऊ शकते. परंतु ‘शकते’ या क्रियापदावर येथे सारा भार आहे. जोडणी क्षीण झाली की हीच पद्धती पट्टा आखडून जुन्या तारेच्या पातळीवर उतरते. एकाच मुलाखतीतील पहिले वाक्य पूर्ण ध्वनीनिशी आणि दहावे अर्ध्या ध्वनीनिशी मुद्रित झालेले असू शकते. आणि अभ्यासकाला या बदलाची सूचना मिळत नाही.

याहूनही गंभीर बाब निराळीच आहे. ध्वनी आंतरजालावरून सलग जात नाही. बहुधा २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांत विभागून जातो. एखादे पॅकेट वाटेत गहाळ झाले, तर ग्राहक यंत्र ती जागा रिकामी ठेवत नाही. मागील ध्वनीच्या अनुमानाने तेथे साजेसा ध्वनी रचून घालते. संभाषण सुखद व्हावे एवढ्यासाठीच ही योजना असून त्या दृष्टीने ती योग्यही आहे. भाषाभ्यासकाला मात्र ती अस्वस्थ करणारी वाटली पाहिजे. अल्पप्राण स्पर्शवर्णाचा स्फोट एका पॅकेटात सहज मावतो. तेव्हा मुद्रणात ऐकू येणारा एखादा वर्ण निवेदकाने उच्चारलेला आहे, की यंत्राने तर्काने भरलेला आहे, हे केवळ ऐकून सांगता येत नाही. हस्तलिखितातील कीड लागलेली अक्षरे एखाद्या नकलाकाराने मनाने पूर्ण करावी आणि तसे केल्याची खूणही ठेवू नये, त्यातलाच हा प्रकार होय.

मराठीच्या संदर्भात याचे महत्त्व विशेष आहे. काही बोलींत ‘म्हणून’ या शब्दातील महाप्राणत्व लोपून ‘मनून’ असा उच्चार होतो. हा लोप बोलीचे लक्षण म्हणून नोंदला जातो. परंतु ‘म्ह’मधील श्वास हा मुळातच मंद ध्वनी, गोंगाट दाबून टाकणारी यंत्रणा अशा मंद श्वासालाही गोंगाट समजू शकते. अशा स्थितीत निवेदकाने ‘ह’ टाकला, की तारेने तो खाल्ला? क्षीण जोडणीवरील मुद्रणाच्या आधारे महाप्राणलोपाचे कोष्टक तयार करणाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून त्याचे कोष्टक ग्राह्य धरता येणार नाही.

हीच गोष्ट विरामाची. संभाषणविश्लेषण ही ज्ञानशाखा दूरध्वनीवरील मुद्रित बोलण्याच्या अभ्यासातूनच उभी राहिली. हार्वे सॅक्स यांनी १९६० च्या दशकात आत्महत्या-प्रतिबंध केंद्राकडे आलेल्या दूरध्वनींचा अभ्यास केला, तर इमॅन्युएल शेग्लॉफ यांचा संभाषणाच्या आरंभाविषयीचा निबंध १९६८ साली प्रसिद्ध झाला. उत्तर देण्यास लागणारा विलंब अर्थपूर्ण असतो, ही त्या शाखेची एक मूलभूत धारणा. दहा भाषांची तुलना करणाऱ्या २००९ सालच्या अभ्यासात प्रश्न व उत्तर यांमधील अंतर सरासरीने सेकंदाच्या पंचमांशाच्या आसपास आढळले. आता, आंतरराष्ट्रीय दूरसंचार मानकानुसार एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेक संभाषणांना चालण्याजोगा मानला जातो. म्हणजे निर्दोष समजल्या जाणाऱ्या जोडणीवरही जाण्यायेण्यात मिळून ३०० मिलिसेकंद केवळ प्रवासात जाऊ शकतात. ‘तुम्हांला सुनेने विचारले होते का?’ या प्रश्नापुढे लिप्यंकनकार ‘(विराम) हो’ असे लिहितो आणि वाचक त्या विरामात संकोच वाचतो. तो संकोच कदाचित समुद्राखालील तारेचा असेल.

आणखी एक ध्वनी अशा मुद्रणात सहज हरवतो : हुंकार. कहाणी सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा लागतो. तो थांबला की सांगणाराही थांबतो. मराठी कथनपरंपरेत हुंकार हा श्रोत्याचा उद्गार नसून कथनाचाच घटक आहे. प्रतिध्वनी दाबणारी यंत्रणा दोघे एकाच वेळी बोलू लागले असता एकाचा आवाज क्षीण करते, आणि जे काही हुंकार मुद्रणात शिल्लक राहतात ते लेख स्वच्छ करताना गळतात. परिणामी संवाद असलेली कथा कागदावर एकट्याचे भाषण म्हणून उतरते.

३

दुसरा फेरफार ऐकणाऱ्याचा. मग तो मनुष्य असो वा यंत्र. मनुष्य निर्दोष असतो, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील नमुने प्रामुख्याने उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची भाषांतरे स्थानिक माणसांकडून लिहवून घेऊन जमविलेले होते. लिहिणाऱ्याचे शिक्षण, त्याची लेखनाची सवय आणि त्याची भाषाविषयक प्रतिष्ठेची कल्पना त्या नमुन्यांत उतरली असणार, हे उघड आहे. आजचा पदव्युत्तर विद्यार्थीही वऱ्हाडी निवेदकाच्या तोंडचे ‘पानी’ नकळत ‘पाणी’ लिहितो आणि ‘डोया’ ऐकून ‘डोळा’ लिहितो. तथापि मनुष्याची चूक त्याला विचारता येते. तो पुन्हा ऐकतो, खजील होतो, दुरुस्त करतो.

यंत्राची रीत वेगळी. व्हिस्परसारखी प्रणाली ध्वनीचे एकेक वर्णात रूपांतर करीत नाही. ऐकलेला ध्वनी आणि आधी लिहिलेले शब्द यांच्या आधारे पुढे कोणता शब्द संभवतो याचा अंदाज बांधते. तिच्या मूळ प्रशिक्षणासाठी सुमारे ६,८०,००० तासांची सामग्री वापरली गेली. तीपैकी सुमारे १,१७,००० तास इंग्रजीखेरीज इतर ९६ भाषांचे होते. अशा प्रणालीच्या दृष्टीने वारंवार लिहिलेले तेच संभाव्य. बोली मात्र फारशी लिहिलीच गेलेली नाही. म्हणून जी बोली आधीच कागदावर विरळ, ती यंत्राच्या हातून अधिकच विरळ होण्याचा धोका संभवतो. येथे दोष यंत्राच्या कानाचा नसून त्याने वाचलेल्या ग्रंथालयाचा आहे.

हा धोका केवळ तर्काचा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच प्रमुख कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या भाषकांच्या बोलण्यात शब्ददोषाचे प्रमाण सरासरी १९ टक्के, तर कृष्णवर्णीय भाषकांच्या बोलण्यात ३५ टक्के आढळले. व्हिस्परविषयीच्या २०२४ सालच्या अभ्यासात सुमारे १ टक्का लेखांत मुळात कोणी न उच्चारलेली वाक्ये वा वाक्यखंड आढळले, आणि वाचाघात झालेल्या, अर्थात थांबतथांबत बोलणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत हे प्रमाण अधिक होते. हे आकडे मराठी बोलींना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. कारणपरंपरा मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे : जो प्रमाण बोलत नाही आणि जो सलग बोलत नाही, त्याच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द जाण्याचा संभव अधिक. बोलीच्या अभ्यासकाचा निवेदक बहुधा असाच असतो : वयस्क, ग्रामीण, आठवतआठवत बोलणारा.

४

तिसरा फेरफार लिपीचा आणि शुद्धलेखनाचा. ‘जरा’ म्हणजे थोडेसे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य. उच्चारात दन्त्य व तालव्य असा स्पष्ट भेद, लेखनात शून्य. हा भेद प्रचलित देवनागरी लेखन दाखवीत नाही. म्हणून केवळ देवनागरी लेख जपून ध्वनिमुद्रण पुसून टाकणारा संशोधक मराठीतील एक अर्थभेदक विरोध कायमचा गमावतो. ‘केलं’ की ‘केले’, ही निवडही निरुपद्रवी नाही. प्रचलित लेखननियमांनी बोलण्याची भाषा दाखविताना ‘केलं’ला वाव दिला आहे, तरी औपचारिक लेखनाची सवय हाताला ‘केले’कडे ओढते.

विरामचिन्हांचा अधिकार तर याहून मोठा. ‘तो आला ना’ हे तीन शब्द स्वराच्या चढउताराप्रमाणे पृच्छा ठरतात, आग्रह ठरतात किंवा सुटकेचा निःश्वास ठरतात. मुद्रणात हा निर्णय निवेदकाच्या कंठाने दिलेला असतो. लेखात तो पूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह देते. यंत्र हे चिन्ह आपण होऊन घालते, आणि छापील अक्षराविषयी वाटणाऱ्या आदरामुळे वाचक ते निवेदकाचेच समजतो.

यावर कोणी म्हणेल की, आशयाच्या अभ्यासाला एवढ्या सूक्ष्मतेची गरज नाही. लोककथेचे कथासूत्र ‘पानी’ लिहिल्याने वा ‘पाणी’ लिहिल्याने बदलत नाही. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. शेकडो तासांच्या मुद्रणात कोणता विषय कोठे आला हे शोधण्यासाठी यंत्राने केलेला लेख उत्तम सूची ठरतो. परंतु सूची म्हणजे ग्रंथ नव्हे. प्रबंधात निवेदकाचे वाक्य अवतरणचिन्हांत छापले जाते, त्या क्षणी ते पुरावा बनते. आणि पुराव्याला सूचीची मोकळीक देता येत नाही.

५

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी मराठीला परदेशी आदर्शाचीच वाट पाहण्याचे कारण नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांच्याकडून त्या मिळविल्या. पुढे मूळ ग्रंथ नष्ट झाल्यावर शिष्यपरंपरेच्या स्मरणातून पाठांची पुनर्रचना झाली. या परंपरेने मतभेद दडपले नाहीत. निराळा पाठ असेल तेथे ‘वासना’ म्हणून त्याची नोंद केली, आणि अनेकदा तो कोणाचा हेही सांगितले. म्हणूनच लीळाचरित्राच्या अभ्यासकाला एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या स्मृती तोलून पाहता येतात. मौखिक वचनाविषयीची निष्ठा निःशंक लेखात नसून शंकेच्या प्रामाणिक नोंदीत असते, हे या संप्रदायाने सात शतकांपूर्वी ओळखले होते. यंत्राच्या गुळगुळीत लेखात उणीव आहे ती नेमकी या वासनेची.

आधुनिक व्यवहारातही या विवेकाचे उदाहरण सापडते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीचे यंत्राद्वारे लेखन सुरू केले, तेव्हा तो लेख वकिलांकडून तपासून घेण्याची योजना केली होती. ज्याचे वचन त्याला ते दाखवावे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. बोलीच्या निवेदकाला मात्र आपल्या नावावर काय लिहिले गेले हे क्वचितच वाचून दाखविले जाते.

यातून निष्पन्न होणाऱ्या अपेक्षा फार अवघड नाहीत. मुद्रणापूर्वी निवेदकाची संमती घ्यावी आणि ती मुद्रणातच असावी. शक्य तेथे निवेदकाच्या बाजूलाही त्याच्याच उपकरणावर स्वतंत्र मुद्रण करवून घ्यावे. कारण ते वाटेतल्या पॅकेटांच्या नाशापासून मुक्त असते. मूळ ध्वनी कोणत्याही कारणाने नष्ट करू नये. यंत्राचा लेख हा पहिला खर्डा समजून मनुष्याने तो ध्वनीशी ताडून पाहावा. अवतरणात येणारे प्रत्येक वाक्य तरी निश्चितच ताडावे. संदिग्ध जागी एकच पाठ न देता पर्यायी पाठ द्यावेत आणि तो कोणाला ऐकू आला याचा निर्देश करावा. आणि शेवटी, लेख निवेदकाला वाचून दाखवावा.

हे शेवटचे काम सर्वांत सोपे आहे. आणि त्याचीच टाळाटाळ सर्वाधिक होते. ज्या निवेदिकेने ‘डोया’ म्हटले तिला ‘डोळा’ वाचून दाखविला, तर ती बहुधा तक्रार करणार नाही. शिकलेल्या माणसाने लिहिले ते बरोबरच असेल, असे म्हणून मान डोलावील. तिच्या या सौजन्याचा फायदा घेऊन तिची बोली पुसावयाची, की त्या मान डोलावण्यापाशी थांबून मुद्रण पुन्हा ऐकावयाचे, हा निर्णय यंत्राकडे सोपविता येत नाही.