थेट डिस्क-व्यवहारातील स्मृती-संरेखनाचे नियम : एक चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकाचा प्रोग्राम फाईलमधून मजकूर मागतो तेव्हा तो साधारणतः कर्नलच्या कॅशेतून येतो. निपाणीच्या बाजारात माल आधी वखारीत उतरतो आणि मग दुकानात जातो, तसाच हा प्रकार होय. डेटाबेससारखे प्रोग्राम स्वतःची साठवण स्वतः सांभाळतात. त्यांना ही वखार नको असते. त्यासाठी लिनक्सच्या २.४.१० या आवृत्तीत, २००१ साली, 'ओ-डायरेक्ट' ही सोय आली. मात्र वखार वगळली की मालमोटारीची आणि दुकानाच्या दाराची उंची जुळावी लागते. स्मृतीतील पत्ता, फाईलमधील स्थान आणि मजकुराची लांबी ठरावीक संख्येने भागली गेली पाहिजे. यालाच संरेखन म्हणतात.

नियमांतील बदल :
२.४ मालिकेत या तिन्ही गोष्टी फाईल-प्रणालीच्या ब्लॉकच्या पटीत असाव्या लागत. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ ने ही अट डिस्कच्या तार्किक ब्लॉकपर्यंत, म्हणजे बहुधा ५१२ बाइट्सपर्यंत, खाली आणली. २ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या ६.० आवृत्तीत कीथ बुश यांच्या बदलामुळे स्मृतीच्या पत्त्याची अट डिस्कच्या ब्लॉकपासून वेगळी झाली. आता ती उपकरणाच्या डीएमए क्षमतेवर ठरते. एनव्हीएमई डिस्कला ४ बाइट्सचे संरेखन पुरते. फाईलमधील स्थान व एकूण लांबी यांची अट मात्र तशीच राहिली.

गुणदोष :
तत्त्व म्हणून हा बदल योग्यच आहे. डिस्कवरील ब्लॉक आणि स्मृतीतील पत्ता या भिन्न गोष्टी असून त्यांना एकाच मापाने मोजण्यास तांत्रिक आधार नव्हता. त्या अटीमुळे प्रोग्रामला मजकूर दुसऱ्या बफरमध्ये विनाकारण उतरवून घ्यावा लागे.

परंतु नियम सैल करणे आणि नियम कळविणे यांत फरक आहे. २.६ नंतर अनेकांनी ५१२ हा आकडा प्रोग्राममध्ये कायमचा लिहून टाकला. पुढे ४०९६ बाइट्सच्या तार्किक ब्लॉकच्या डिस्क आल्या तेव्हा तेच प्रोग्राम अडले. फाईलला तिची अट थेट विचारण्याची सोय एरिक बिगर्स यांनी 'स्टॅटएक्स'मध्ये जोडली. ती ११ डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत आली. म्हणजे सवलत आधी आली आणि ती विचारण्याची वाट नंतर. खरे तर हा क्रम उलट हवा होता.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. संरेखन चुकले तर काही फाईल-प्रणाली त्रुटी कळवितात. बीटीआरएफएससारखी प्रणाली मात्र गुपचूप कॅशेच्या मार्गाने काम उरकते. मग वेग मोजणारा विद्यार्थी थेट डिस्कचा समजून कॅशेचाच वेग नोंदवितो. त्रुटी कळली तर ती दुरुस्त होते. खोटे मोजमाप मात्र प्रबंधात तसेच राहते.

अध्यापनाच्या दृष्टीने :
बेळगाव हे विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे (स्थापना १९९८) मुख्यालय आहे. सीमाभागातील विद्यार्थी नव्या-जुन्या अशा दोन्ही यंत्रांवर शिकतात. उबुंटू २२.०४ चा मूळ कर्नल ५.१५ आहे, त्यास ही सवलत ठाऊक नाही. नव्या यंत्रावर चाललेला प्रोग्राम तेथे नाकारला जाऊ शकतो. म्हणून ५१२ किंवा ४ असा आकडा पाठ करून घेण्यापेक्षा फाईलला विचारण्याची पद्धत शिकविणे हिताचे. उत्तरात शून्य आले तर त्या फाईलवर थेट व्यवहार होत नाही, असे समजावे. उत्तरच मिळाले नाही तर माहिती उपलब्ध नाही, एवढाच अर्थ घ्यावा. तेथे ४०९६ चे संरेखन हा व्यवहार्य मार्ग ठरतो, पण तोही प्रत्यक्ष पडताळून पाहावा.

निष्कर्ष :
२०२२ मधील दोन बदलांपैकी सवलतीची चर्चा अधिक होणे स्वाभाविक आहे, परंतु टिकाऊ मोल विचारण्याच्या सोयीचे आहे. उपकरणे बदलतील तशी सवलतीची मापेही बदलतील, पण विचारून वागणारा प्रोग्राम तेव्हाही चालेल. चुकीच्या संरेखनावर सर्व फाईल-प्रणालींनी एकसारखे वागावे, ही उणीव मात्र अद्याप भरून निघालेली नाही.