‘९९ टक्के व्हायरस पकडले’ म्हणजे नेमकं काय?

ईमेल तपासणाऱ्या अँटिव्हायरसवरचा एखादा शोधनिबंध किंवा प्रोजेक्ट रिपोर्ट उघडा, शेवटच्या तक्त्यात बहुतेक वेळा ९९ टक्क्यांच्या आसपासचा आकडा सापडेल. तुम्ही पीएचडीचा विचार करत असाल, तर त्या आकड्याने भारावून जाऊ नका. तो काढला कसा, ते आधी बघा.

पुष्कळदा पद्धत अशी असते: जमवलेले सगळे नमुने एकत्र मिसळायचे, काहींवर प्रोग्रॅमला शिकवायचं आणि उरलेल्यांवर तपासायचं. ऐकायला ठीक वाटतं. पण यात एकाच व्हायरसची भावंडं दोन्हीकडे जातात. म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षा घेतल्यासारखं झालं!

इनबॉक्समध्ये अशी सोय नसते. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ हा वर्म पसरला. सोबतची फाइल प्रेमपत्राच्या नावाची होती. विंडोज खरं एक्स्टेन्शन लपवत असल्यामुळे ती साधी मजकुराची वाटायची. उघडली की आउटलुकच्या अ‍ॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांना तोच मेल जायचा. स्कॅनर सिग्नेचरवर, म्हणजे आधी पाहिलेल्या व्हायरसच्या ठशावर चालत. पहिल्या काही तासांत हा ठसा त्यांच्याकडे नव्हताच, आणि वर्म पसरला तो त्याच तासांत. आज कोणताही स्कॅनर ती फाइल पकडेल. पण त्यावरून त्या दिवसाबद्दल काहीच कळत नाही.

म्हणून नमुने तारखेनुसार वेगळे करा. जानेवारीपर्यंतच्या नमुन्यांवर शिकवा, फेब्रुवारीत आलेल्यांवर तपासा. आकडा बहुधा खाली येईल. गाइडना तोच दाखवा.

दुसरी गोष्ट, चुकून अडवलेले मेल. समजा, १०,००० मेलमध्ये १० धोकादायक आहेत. स्कॅनर ९९ टक्के व्हायरस पकडतो, पण १ टक्का चांगले मेलही अडवतो. मग ते १० बहुधा सापडतील, पण सोबत साधारण १०० चांगले मेल अडकतील. त्यात तुमच्या फेलोशिपचं पत्रही असू शकतं. हा हिशोब ज्या निबंधात नाही, तो अर्धाच आहे.

प्रत्येक व्हायरस बिनचूक ओळखणारा प्रोग्रॅम तत्त्वतःच शक्य नाही, हे फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं. म्हणून स्कॅनर टाकाऊ ठरत नाही. मात्र ‘किती पकडले’ यासोबत ‘काय सुटलं, आणि कधी’ हेही विचारायला हवं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हा प्रश्न आहे का?